गोव्याची काफ्रियाल आणि तिचे माहेर

कोंबडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो रस्सा. मग तो कोल्हापूरचा तांबडा असो, मालवणी वड्यांबरोबरचा असो, नाहीतर नागपूरकडचा सावजी. भाकरी कुस्करायला रस्सा हवा, आयत्या वेळी दोन पाहुणे वाढले तर भांडेभर गरम पाणी घालता यायला हवे, आणि एका कोंबडीत घरातली सगळी पाने उठायला हवीत, असा आपला जुना हिशेब. तळायचे ते मासे. सुरमईची तुकडी, बांगडा, बोंबील. कोंबडी तळून ताटात वाढायची ही कल्पना आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात फारशी नव्हतीच.

त्यामुळे गोव्याला जाऊन आलेली मंडळी त्या हिरव्या मसाल्यातल्या तळलेल्या कोंबडीचे कौतुक करू लागली की घरोघरच्या बायकांची पंचाईत होते. "अगं, तशी कर ना एकदा," असे म्हणायला काय जाते? पण ती करायची कशी? कोथिंबिरीची चटणी फासून तुकडे तळावेत, तर मसाला करपतो आणि हाडाशी मांस कच्चेच राहते. साळगावच्या फ्लोरेन्टाइनचे नाव तर या एका पदार्थामुळे लोकांच्या तोंडी झाले. तिचे नाव काफ्रियाल, पुरते सांगायचे तर 'गालिन्या काफ्रियाल'. गालिन्या म्हणजे पोर्तुगीज भाषेत कोंबडी. राहिला दुसरा शब्द. तो मात्र साधा नाही, म्हणून कृतीच्या आधी मी तुम्हाला जरा इतिहासात नेणार आहे. कंटाळा करू नका. मसाला मुरायला चार-सहा तास लागतातच, तेवढ्या वेळात वाचून होईल.

पुष्कळ ठिकाणी काफ्रियालची ओळख 'पोर्तुगीज पदार्थ' अशी करून देतात. नाव पोर्तुगीज आहे, पदार्थ नाही. 'काफ्रियाल' म्हणजे 'काफ्रे लोकांच्या पद्धतीची', आणि काफ्रे म्हणजे पूर्व आफ्रिकेतला काळा माणूस. मूळ शब्द अरबी, काफिर, म्हणजे आपला धर्म न मानणारा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापार करणारे अरब तो तिथल्या लोकांना लावत. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि त्याचे 'काफ्रे' केले. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत 'काफ्री' म्हणून जो शब्द सर्रास छापलेला दिसतो, तो याच घराण्यातला.

म्हणजे या कोंबडीचे सासर गोवा आणि माहेर मोझांबिक. ती इतक्या लांबून आली कशी, ते बघण्यासारखे आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला तो मोझांबिकच्या किनाऱ्याला लागूनच. पुढे १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि तिथून पूर्वेकडचा सगळा पोर्तुगीज कारभार चालू लागला. लिस्बनहून निघालेली जहाजे मोझांबिक बेटावर थांबत, पाणी-दाणा भरत, मोसमी वाऱ्याची वाट बघत आणि मग गोव्याकडे येत. इतकेच नव्हे, तर १७५२ पर्यंत मोझांबिकवर हुकूम चालायचा तो गोव्यातून. दोन्ही किनारे एकाच घराच्या दोन खोल्यांसारखे झाले होते म्हणा ना.

या जहाजांतून माणसेही येत. काही शिपाई म्हणून, आणि पुष्कळशी विकत घेतलेली.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. गुलाम म्हटले की मुलांना अमेरिकेतली कापसाची शेते आठवतात. गोव्यात, म्हणजे आपल्या सावंतवाडीपासून हाकेच्या अंतरावर, भर रस्त्यात माणसांचा लिलाव होत असे, हे सांगितले की वर्गात एकदम शांतता पसरते. लिन्स्खोतेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला होता. त्याने जुन्या गोव्यातल्या मोठ्या रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन करून ठेवले आहे. घोडे, मसाले, कापड, आणि त्याच बाजारात तरुण-म्हातारी माणसे. त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती आपण बायकांनी तरी वाचावी अशी. एकेका पोर्तुगीज घरात दहा-वीस-तीस गुलाम असत. त्यांतल्या बायका इथल्या फळांचे मुरंबे आणि नाना तऱ्हेची मिठाई करीत, सुईकाम करीत, आणि त्यांच्यातल्या तरुण मुलींना नटवून तो माल रस्त्यावर विकायला पाठवत. पैसे अर्थातच मालकाचे.

आता तुम्हीच विचार करा. अशा घरात चूल कोण सांभाळत असेल? मालकीण? गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकाचे आपण जे कौतुक करतो, त्याला लिस्बनचे नाव लागले, पण पाट्यावर बसणारे हात दुसरेच होते. काही इथल्या कोकणी बायकांचे आणि काही समुद्रापलीकडून आणलेल्या बायकांचे. काफ्रियालमध्ये निदान त्या दुसऱ्या हातांची आठवण नावात तरी उरली. पण उरली तीही कशी? एका शिवीच्या रूपाने. दक्षिण आफ्रिकेत याच शब्दाचा भाऊबंद इतका अपमानाचा मानतात, की पोलिसांना उद्देशून तो वापरल्याबद्दल २०१८ मध्ये एका बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली. आणि आपण तोच शब्द ऑर्डर देताना हसत हसत उच्चारतो!

मग नाव बदलावे काय? 'हिरवी तळलेली कोंबडी' म्हणावे? मला नाही तसे वाटत. नाव पुसले की ती माणसेही पुसली जातील. पण मुलांनी अर्थ विचारला तर "काही नाही, पोर्तुगीज शब्द आहे" म्हणून त्यांना वाटेला लावू नये, इतके मात्र वाटते. जेवताना सांगायच्या गोष्टी नेहमी गोडच असाव्यात असे कुठे आहे?

ही माणसे पुढे गेली कुठे, असाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. गोव्यातून जमेल तसे गुलाम पळत आणि घाटावरच्या जंगलात शिरत. उत्तर कर्नाटकात, म्हणजे कारवार जिल्ह्यातल्या यल्लापूर, हळियाळ, अंकोला या बाजूला आज सिद्दी समाजाची वस्ती आहे, त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज असे आलेले. बेळगाव-धारवाडकडच्या भगिनींनी त्यांना बाजारात पाहिलेही असेल. ते कोकणी बोलतात, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जंजिऱ्याचा सिद्दी आणि अहमदनगरचा मलिक अंबर आपण शाळेत शिकतो, पण ते सत्तेवर पोचलेले. ज्यांच्या वाट्याला चूल आणि पालखीचे दांडे आले, त्यांच्यासाठी पुस्तकात ओळ नाही. पोर्तुगीजांनी गुलामांचा व्यापार १८३६ मध्ये बंद केला, गुलामगिरी कागदावर संपली ती १८६९ साली. काही फार जुनी गोष्ट नव्हे ही. आपल्या पणजीच्या आईच्या वेळची.

आता माहेरी ही कोंबडी कशी करतात ते ऐका. मोझांबिकमध्ये आख्खी कोंबडी पोटाकडून उभी फाडून पुस्तकासारखी उघडतात, तिला लसूण, लिंबू, मीठ, तेल आणि तिखटजाळ लहान मिरची लावतात आणि निखाऱ्यावर भाजतात. भाजताना तोच मसाला वरचेवर लावत राहायचे. झांबेझिया भागात तर नारळाचे दूधही लावतात. त्या मिरचीचे नाव पिरी-पिरी. हल्ली मुले बटाट्याच्या तळलेल्या कांड्यांवर 'पेरी-पेरी' म्हणून लाल पूड भुरभुरून घेतात ना, तीच ही. गंमत अशी, की मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांनी आफ्रिकेतही नेली आणि गोव्यातही आणली. पण तिचे नाव, स्वाहिलीतले 'पिलीपिली', फारसी-अरबीतून मागे मागे नेले तर पोचते आपल्या संस्कृत पिप्पलीपर्यंत. म्हणजे आपली पिंपळी! बाळंतकाढ्यात घालतो ती.

इथे सासरी आल्यावर तिचा रंग बदलला. लाल मिरचीऐवजी हिरवी आली, कोथिंबीर आली, आले आले. मिरी, लवंग, दालचिनी तर इथे दाराशीच होती. लिंबाबरोबर माडीचे व्हिनेगर आले आणि ख्रिस्ती घरात रमचा एखादा चमचाही. निखाऱ्यावरून ती तव्यावर उतरली. कोथिंबीर मात्र फक्त आपलीच असे समजू नका, पोर्तुगालच्या दक्षिण भागातही ती मूठ-मूठ घालतात. पण आले, मिरी, लवंग, दालचिनीचे हे हिरवे वाटण मात्र पक्के गोव्याचे. (बटाटा, पाव, कोबी, काजू, अननस, अगदी नवरा महिन्याला आणतो तो पगारसुद्धा, हे सगळे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. तेव्हा सोवळे कुणी मिरवू नये!)

बरे, आता पदर खोचा.

एक किलो कोंबडी लागेल. दुकानात नुसत्या तंगड्या आणि मांड्या मागून घ्या, छातीचे तुकडे या पदार्थात कोरडे पडतात. लहान तुकडे करून आणू नका. दुकानदार सवयीने रश्शाचे तुकडे करायला सुरी उचलतो, त्याला आधीच बजावा. कोंबडी गावठी असेल तर प्रश्न वेगळा. पूर्वी कोवळी तलंग बघून घेत, आता ती कुठून मिळायची? गावठीचे तुकडे मीठ-हळद लावून कुकरमध्ये एक-दोन शिट्ट्या करून घ्या आणि मग मसाला लावा. निघालेले पाणी फेकू नका, त्याचा मिरी घालून छान सार होतो. खाली दिलेला वेळ दुकानातल्या नेहमीच्या ब्रॉयलरचा आहे.

वाटणासाठी कोथिंबिरीची एक मोठी जुडी, कोवळ्या देठांसकट, दाबून भरलेल्या दोन वाट्या होईल इतकी. आठ-दहा हिरव्या मिरच्या, लवंगी असल्या तर पाच पुरेत. लसणाच्या पंधरा पाकळ्या, दोन पेरे आले, चहाचा एक चमचा जिरे, दहा-बारा मिरी, सहा लवंगा, बोटभर दालचिनी, तीन हिरवे वेलदोडे, चहाचा एक चमचा खसखस, अर्धा चमचा हळद, एक चमचा साखर. मीठ चहाचे दोन सपाट चमचे. एका रसदार लिंबाचा रस आणि मोठे दोन चमचे व्हिनेगर. गोव्याचे माडीचे मिळाले तर उत्तमच, नाहीतर वाण्याकडचे साधे पांढरे घ्या, पण दीडच चमचा, ते फार झोंबते. रमचे दोन चमचे ज्यांना चालतात त्यांनी घालावेत. मी घालत नाही, आणि अडत काही नाही. तळायला पाच-सहा मोठे चमचे तेल. शिवाय तीन-चार बटाटे, कांदे, लिंबे.

कोथिंबीर धुऊन पंचावर पसरून अगदी कोरडी करा. यात आळस नको. ओल्या कोथिंबिरीचे वाटण पातळ होते, तुकड्यावर बसत नाही आणि तेलात पडले की नुसते उडते. आधी जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडे, खसखस कोरडेच बारीक करा, मग बाकीचे घालून व्हिनेगरवरच वाटा. पाण्याचा थेंब नको. मिक्सर थांबवून थांबवून फिरवा. पाटा असेल आणि मनगटात जोर असेल तर प्रश्नच नाही.

कोंबडी नळाच्या धारेखाली धरून खळखळून धुण्याची आपली सवय आहे, ती सोडा. शिंतोडे ओट्यावर, ताटल्यांवर उडतात आणि कच्च्या मांसातले जंतू त्यांच्याबरोबर पसरतात. कागदाने टिपून घ्या, आणि धुवायचीच असेल तर पातेल्यात हलक्या हाताने. प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत जाणाऱ्या तीन तिरप्या चिरा द्या. मीठ, हळद, लिंबाचा रस आधी चोळा, वीस मिनिटांनी वाटण लावा आणि ते चिरांमध्ये बोटाने भरा. भरली वांगी भरतो तसे. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या. आंबट आहे, ॲल्युमिनियमचे चालणार नाही आणि बिनकल्हईचे पितळेचे तर मुळीच नाही. झाकून फ्रिजमध्ये चार-सहा तास, किंवा रात्रभर. त्याहून जास्त ठेवलीत तर आंबटाने मांस वरवर भुसभुशीत होते.

तळण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढा. जाड बुडाचा पसरट तवा किंवा बिडाचे काविलते घ्या. आता गुपित ऐका. तुकड्यावर थापलेले जादा वाटण बोटाने निपटून एका वाटीत ठेवा. चिरांमधले राहू द्या. करपते ते हे वरचे थर असतात. तेल चांगले तापले की तुकडे सुटे सुटे मांडा, एकमेकांना खेटून नकोत, नाहीतर तळण्याऐवजी वाफवले जातील. एका खेपेत मावत नसतील तर दोन खेपा करा. मध्यम मोठ्या आचेवर एक बाजू तीन-चार मिनिटे, मग दुसरी. खालची बाजू स्वतःहून तव्याला सुटेपर्यंत उलथणे लावू नका. दोन्ही बाजू खरपूस झाल्या की आच मंद करा, झाकण ठेवा आणि दर पाच-सहा मिनिटांनी उलटत पंधरा-वीस मिनिटे शिजू द्या. मांडीच्या जाड भागात हाडापर्यंत सुरी टोचून पाहा. येणारे पाणी स्वच्छ असले आणि हाडाशी गुलाबी काही दिसले नाही म्हणजे झाली. शंका आली तर आणखी पाच मिनिटे. कोंबडीच्या बाबतीत घाई कुणाच्याच कामाची नाही.

तुकडे काढून त्याच तेलात वाटीतले वाटण परता. अर्धी वाटी पाणी घालून चांगले खदखदू द्या. कच्च्या मांसाला लागलेले वाटण आहे, ते तसेच वाढायचे नसते. पाणी आटून तेल सुटले की तुकडे त्यात घोळवून घ्या. अर्धवट उकडलेल्या बटाट्याच्या लांब फोडी त्याच तव्यात तांबूस करा. काहींना कोंबडीपेक्षा हे बटाटेच जास्त आवडतात, आणि त्यांचे चुकत नाही.

एक सांगते, रंग पाहून हिरमुसू नका. पाट्यावर हिरवेगार दिसणारे वाटण आंबट आणि आच लागली की शेवाळी, तपकिरी होते. हाटेलात पोपटासारखी हिरवी कोंबडी समोर आली तर ती बहुधा रंगाच्या बाटलीची करामत समजावी. घरची काफ्रियाल दिसायला जरा काळवंडलेलीच असते.

बरोबर कांद्याच्या चकत्या, टोमॅटो, लिंबाची फोड. गोव्यात पोदेर सकाळी सायकलवरून पोई आणतो, कोंड्याच्या पिठाची, आतून पोकळ. ती आपल्या गावात नाही मिळाली तर साधा पाव तव्यावर शेकून घ्या. आमच्याकडे चपातीबरोबरही संपते. सासूबाईंना ओट्यावर कोंबडी चालत नसेल तर हेच वाटण पनीरला किंवा अळंबीला लावा, मुरायला अर्धा तास पुरे आणि झाकणाचे कामच नाही. बांगड्यालाही सुरेख लागते, फक्त व्हिनेगर निम्मे करा.

आणि रात्री एखादा तुकडा उरलाच, तर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी हाडावरचे मांस सोडवा, तव्यातल्या मसाल्याबरोबर चरचरीत गरम करा, वर कांदा बारीक चिरून घाला आणि पावात भरा. डबा बंद करण्याआधी लिंबू पिळायला विसरू नका.